वाफेला वाट

भरमूला काय येत नाही, असं त्याला विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो रागवायचा.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तो मोल्डर होता. म्हणजे वाळूचे साचे यानं भरायचे, त्यात तापलेलं लोखंड दुसऱ्यांनी ओतायचं, आणि गार झाल्यावर जे काही बाहेर निघेल त्याचं पाप-पुण्य भरमूच्या माथी. जन्म वाळूत गेल्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट मुठीत दाबून बघितली की कळते, असा त्याचा पक्का समज झाला होता. बाजारातली वांगी तो दाबून बघायचा, नवी गादी दाबून बघायचा, एकदा तर साडूच्या नव्या गाडीची सीट दाबून त्यानं तोंड वाकडं केलं होतं.

बायकोच्या, रेणुकाच्या, उजव्या मनगटाचं ऑपरेशन ठरलं. आतली शीर दबली होती, बोटांना मुंग्या यायच्या, हातातली वाटी कधी सुटेल याचा भरवसा नव्हता. इतकी वर्षं दोन वेळा भाकऱ्या थापायच्या आणि दुपारी शेजारच्या नागेंद्रच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, मग मनगटानं तरी किती सोसायचं? डॉक्टर म्हणाले, किरकोळ ऑपरेशन आहे, सकाळी या, संध्याकाळी घरी जा. किरकोळ हा शब्द ज्याचं ऑपरेशन नसतं त्यानंच शोधून काढला असणार.

"पण नंतर त्या हातानं काही करायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. "मळणं, थापणं, पिळणं, सगळं बंद. घरी स्वयंपाकाला कोण आहे?"

"मी हाय की," भरमूनं छातीवर हात ठेवून सांगितलं.

डॉक्टरांनी रेणुकाकडं पाहिलं. रेणुकानं छताकडं पाहिलं.

मुलगा रविराज बेंगळुरूला कंपनीत होता. तो फोनवर म्हणाला, "मी मोबाईलवरनं जेवण पाठवू का रोज?" भरमूला तो अपमान वाटला. त्यानं कारखान्यातून रजा काढली, बायकोचा जुना ॲप्रन शोधून कमरेला बांधला आणि वडगावातल्या त्या दोन खोल्यांच्या घराचा ताबा घेतला. ऑपरेशन करून आल्यावर पहिल्याच दिवशी रेणुका हळूच आत येऊन डाव्या हातानं पीठ चाळायला लागलेली त्याला दिसली, तेव्हा त्यानं तिला दंडाला धरून बाहेर आणलं, सोप्यात खुर्ची मांडून बसवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवं स्टूल टाकलं.

"ह्याच्या आत पाय टाकायचा न्हाय."

"आणि मीठ कुठं हाय त्ये तरी सांगू का न्हाय?"

"हितनं सांग."

मग ती तिथून सांगायची आणि हा आत शोधायचा. दोघांच्या आरोळ्या पलीकडच्या मागाच्या खटखटाटावर चढायच्या. आमटी बरी व्हायची. भात कधी खिरीसारखा, कधी छर्ऱ्यासारखा, पण व्हायचा. भाकरीचं नाव कुणी काढत नव्हतं. आणि ज्या घरात भाकरी नाही त्या घरात जेवण झालं असं दोघांनाही मनापासून वाटत नव्हतं. नागेंद्र खिडकीतून रोज कानडीत विचारायचा, "ऊट आयता?" जेवण झालं का, एवढंच त्या बिचाऱ्याला म्हणायचं असायचं. भरमूला तो टोमणा वाटायचा.

तशात निपाणीहून आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे मालुबाई, भरमूची थोरली बहीण. तिचे यजमान जाऊन काही वर्षं झाली होती, पण आवाजातला दरारा कमी झाला नव्हता.

"भरम्या, खरं सांग. काय खाती रेणुका?"

"भात खाती की."

"आणि?"

"आमटी."

"आणि भाकरी?"

भरमूनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आरं, भाकरी न्हाय पोटात तर जखम भरायची कशी? ऐतवारी येतो मी. तुला जमत नसंल तर घेऊन जातो तिला निपाणीला. हात बरा हुईस्तवर ऱ्हाऊ दे माझ्याजवळ. मी तरी हितं एकटीच थापतो आणि एकटीच खातो."

भरमू "बरं" म्हणाला. आक्काला "बरं" सोडून दुसरं काही म्हणायची त्याला लहानपणापासून सवयच नव्हती. फोन ठेवून त्यानं रेणुकाला सांगितलं, तर तीसुद्धा "बरं" म्हणाली आणि पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली.

तिला जायचं नव्हतं. त्याला पाठवायचं नव्हतं. पण बोलणार कोण? रेणुकाची आई लवकर गेली. रविराजच्या वेळचं बाळंतपण आक्कानंच निपाणीला नेऊन केलं होतं. माहेर म्हणावं असं तिला तेवढं एकच घर, त्या घराला नाही कसं म्हणायचं? आणि भरमूनं "नको नेऊस, मला करमायचं न्हाय" असं आक्काला सांगावं, तर त्याच्या मिशा काय कामाच्या?

करमणार नाही, हे मात्र खरं होतं. इतकी वर्षं कामावरून आला की हातपाय धुऊन, चहाचा कप घेऊन तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचा. ती भाकऱ्या थापत थापत सगळ्या गल्लीच्या बातम्या सांगायची. कारखान्याच्या आवाजानं त्याचे कान दुपारपासूनच बधिर झालेले असायचे, अर्ध्या बातम्या त्याला कळायच्यासुद्धा नाहीत. पण ती थापथाप आणि तो आवाज कानावर पडला नाही तर दिवस मावळला असं त्याला वाटायचं नाही. हे तोंडानं सांगणं त्याच्या बापजन्मात जमलं नसतं. म्हणून ते भाकरी करून दाखवायचं त्यानं ठरवलं. ऐतवारी आक्काच्या ताटात टम्म फुगलेली भाकरी पडली, की निपाणीचं नाव निघायचं कारणच उरणार नव्हतं.

खरं तर भाकरीचं निम्मं शास्त्र त्याला आधीपासून येत होतं. जोंधळ्याच्या पिठात गरम पाणी घालून त्यानं मळायला घेतलं, गोळा मुठीत दाबला, मोडून बघितला, कड स्वच्छ तुटली. त्याचे डोळे चमकले. ही तर साच्याचीच वाळू! तळहाताखाली भाकरी अशी गोल फिरत गेली की रेणुकानं स्टुलावरून मान लांब करून बघितलं आणि नकळत "अगं बाई" म्हणाली. कड कुठं फाटली नव्हती. जाडी सगळीकडं सारखी.

आणि मग भरमूनं कोपऱ्यातून सायकलची एक जुनी तार घेतली, धुतली, पुसली आणि भाकरीला सगळ्या अंगावर बारीक टोचे मारले.

हे त्यानं ठरवून केलं नाही. हातानं केलं. कारखान्यात साचा भरून झाला की त्यावर असेच तारेचे टोचे मारायचे असतात, म्हणजे आतली वाफ त्या भोकांतून निघून जाते. कुणी आळस केला की वाफ अडकते, लोखंडात फुगा धरतो आणि सगळा माल भंगारात जातो. भरमूच्या साच्यात असा फुगा शेवटचा कधी निघाला, हे कारखान्यात कुणाला आठवत नव्हतं. वाफेला वाट दिल्याशिवाय काहीही तापवायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलं होतं. श्वास घेतो हे जसं कुणी कुणाला सांगत नाही, तसं टोचे मारतो हे त्यानं रेणुकाला सांगितलं नाही. वरून पाण्याचा हात फिरवला की भोकं दिसायचीही नाहीत.

भाकरी तव्यावर गेली, भाजली, आणि पापडासारखी पडून राहिली.

"फुगली?" सोप्यातून आवाज आला.

"न्हाय."

"पाणी कडकडीत व्हतं न्हवं?"

दुसऱ्या वेळी पाणी कडकडीत घेतलं. भाकरी पडून राहिली. मग रेणुकाला वाटलं, पिठाची विरी गेली असणार. जुनं झालं की पिठातला चिकटपणा जातो, मग भाकरी कशी फुगायची? भरमू सायकलवरून खासबागेतल्या गिरणीत जाऊन ताजं दळून घेऊन आला. भाकरी पडून राहिली. तवा बदलला. जाळ बारीक केला, मोठा केला. पाण्याचा हात हलका फिरवला, मग जड फिरवला. रेणुका बाहेरून शेकडो युक्त्या सांगत होती, भरमू आत एक न एक पाळत होता, आणि प्रत्येक वेळी तव्यावर टाकायच्या आधी इमानदारीनं तार घेऊन टोचे मारत होता. त्या आठवड्यात वडगावातल्या गाईंनी भाकऱ्या खाल्ल्या तेवढ्या जन्मात खाल्ल्या नसतील.

एका गोष्टीत मात्र तो पास झाला होता, पण ती कुणाला सांगायची नव्हती. रेणुकाची वेणी.

उजवा हात पट्टीत, मग केस विंचरणार कोण? पहिले दोन दिवस तिनं डोक्यावर पदर घेऊन काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी भरमूनं पुढचं दार लावलं, खिडकी लोटली, तिला पाटावर बसवलं आणि काही न बोलता फणी घेतली. येळ्ळूरला शेतात असताना त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, त्याला बैलाचं दावं वळायला शिकवलं होतं. तीच तीन पेडांची वीण, तोच पीळ, आणि शेवटाला आप्पांची ती उलटी गाठ, जी बैलानं कितीही हिसका दिला तरी सुटत नाही. पहिल्या दिवशी रेणुकाचे डोळे ताणले जाऊन कपाळात गेले.

"अवो, मी काय गोठ्यात ऱ्हातो काय? जरा सैल!"

पण वेणी दिवसभर सुटली नाही. दुसऱ्या दिवशी जरा सैल झाली, तिसऱ्या दिवशी बरीच चांगली. रेणुका त्या वेळी नेहमीसारखी बातम्या सांगायची नाही, गप्प बसायची. एकदा तिची मान थोडी मागं कलली आणि तिला डुलकी लागली, तेव्हा भरमू फणी हातात धरून तसाच उभा राहिला. बाहेर दुधवाला ओरडून गेला तरी त्यानं दार उघडलं नाही. गल्लीला कळलं असतं तर? म्हणून रेणुका बाहेर पडताना पदर घ्यायचीच.

शनिवारी भरमू आंघोळीला गेला तेव्हा रेणुकानं स्टूल बाजूला सारलं आणि आत शिरली. उद्या आक्का येणार. निदान भांडी कशी लावली आहेत ते तरी बघावं. भांडी कारखान्यातल्या पेट्यांसारखी एकावर एक रचलेली होती. आणि परातीत, उरलेल्या पिठाशेजारी, सायकलची तार.

भरमू डोकं पुसत आला.

"ही तार कशाची हो?"

"टोचायची."

"काय टोचायची?"

"भाकरी. आणखी काय?" आणि तिचं तोंड बघून त्यानं समजूत घातल्यासारखं सांगितलं, "वाफंला वाट नगं? अडकली तर आत फुगा धरल की."

रेणुका त्याच्याकडं बघत राहिली. मग खाली बसली. मग तिला असं हसू फुटलं, की आवाज ऐकून नागेंद्रनं माग थांबवला. पट्टीचा हात पोटाशी धरून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"अवो, फुगा धरावा म्हणून तर भाकरी करायची! वाफ अडकती म्हणून फुगती ती!"

भरमू ओला टॉवेल हातात घेऊन उभा होता. भाकरी फुगते हे त्याला माहीत होतं, पण ती आपल्या गुणानं फुगते असं त्याला आजवर वाटत आलं होतं. ज्या वाफेशी तो जन्मभर भांडला, तीच रोज रात्री त्याच्या ताटात टम्म बसलेली असायची, आणि त्यानं ती आवडीनं खाल्ली होती.

"मग अगुदर सांगायचं न्हाईस?" तो शेवटी म्हणाला.

"काय सांगू? भाकरीला भोसकू नका म्हणून?"

तार रेणुकानं आपल्याकडं ठेवून घेतली.

ऐतवारी आक्का निपाणीच्या गाडीनं आली. डोक्यावरून पदर घट्ट लपेटलेला, डाव्या हातात पिशवी, पिशवीत डिंकाचे लाडू. आल्या आल्या तिनं रेणुकाच्या गालाला हात लावला, "वाळलीस गं पोरी" म्हणाली, आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसली.

"कर भाकरी. बघतो मी."

भरमूनं ॲप्रनची गाठ घट्ट केली. त्यानं मळलं, दाबलं, मोडून बघितलं, थापलं. भाकरी चंद्रासारखी गोल झाली. आक्काच्या भुवया वर गेल्या. आणि तेवढ्यात भरमूचा डावा हात, त्याला न विचारता, कोपऱ्यात गेला. तार नव्हती. हात देवाच्या फळीकडं गेला, तिथली विझलेल्या उदबत्तीची काडी त्यानं घेतली, आणि भाकरीच्या बरोबर मध्यभागी टोचा मारला.

"अवो!" दारातून रेणुका किंचाळली.

भरमूनं काडीकडं असं बघितलं, जणू ती दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या हातात दिली होती.

"ह्ये काय करतोस रं?" आक्कानं विचारलं.

"देवाचं... देवाचं नाव घेऊन..." भरमू पुटपुटला.

ती भाकरी पडून राहिली. आक्कानं तिच्याकडं बघितलं, मग रेणुकाकडं बघितलं. "कापडं भरलीस न्हवं गं?" तिनं विचारलं. रेणुकाचा चेहरा उतरला. भरमूला तो चेहरा दिसला. त्यानं दुसरा गोळा घेतला. थापली. या वेळी डावा हात पाठीमागं ॲप्रनच्या गाठीत अडकवून ठेवला आणि एकाच हातानं उचलून ती तव्यावर टाकली. पाणी फिरवलं, उलटली, तवा उतरवला, भाकरी जाळावर धरली.

आधी कडेला एक छोटा फुगवटा आला. मग तो सरकत मध्ये आला. मग सगळी भाकरी एकदम टम्म फुगली, वरचा पापुद्रा सुटून कागदासारखा पातळ झाला, आणि कुठूनही वाफेचा एक धागासुद्धा बाहेर आला नाही. भरमूनं आयुष्यात पहिल्यांदा अडकलेल्या वाफेकडं प्रेमानं बघितलं.

"आली!" रेणुका ओरडली. खिडकीतून नागेंद्रही काहीतरी ओरडला.

आक्कानं दोन्ही भाकऱ्या ताटात घेतल्या. फुगलेली खाल्ली, पडलेलीही खाल्ली. शेवटचा घास गिळून पाणी प्याली आणि म्हणाली, "भाकरी झाली. कबूल. पण बाईमाणसाचं काय भाकरीवरच भागतं? येणी कोण घालतंय हिची?"

रेणुकानं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. पलीकडं माग खटखटत होता.

"शेजारीण येती काय?"

"न्हाय," रेणुका म्हणाली.

"मग तसंच झिपऱ्या घेऊन बसतीस? म्हणून तर म्हणतो, चल माझ्यासंगं."

रेणुकानं भरमूकडं बघितलं. तो तव्याकडं बघत होता, कान लालबुंद झाले होते. तिनं डाव्या हातानं डोक्यावरचा पदर खाली ओढला आणि आक्काकडं पाठ केली.

आक्कानं वेणी हातात घेतली. पेडांवरून बोट फिरवत फिरवत खाली आली. शेवटाला ती उलटी गाठ लागली, तिथं तिचं बोट थांबलं.

"ही आप्पाची गाठ," ती म्हणाली. आवाजातला दरारा कुठं गेला कोण जाणे. "रोज घालतोस?"

"व्हय," भरमू तव्यालाच म्हणाला. आणि मग, बापजन्मात जमणार नाही असं वाटलेलं ते, कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं. "आक्का, नगं नेऊस तिला. मला करमत न्हाय."

आता आक्का हसणार, असं त्याला वाटलं. आक्का हसली नाही. तिनं वेणी रेणुकाच्या पाठीवर नीट सोडली, चापून सरळ केली. मग हळूच आपल्या डोक्यावरचा पदर बाजूला केला. आतमध्ये पांढऱ्या केसांचा एक गुंता होता, कसातरी गोळा करून पिनांनी दाबलेला.

"खांदा धरलाय माझा. कितीतरी दिस झालं, हात वर जातच न्हाय," ती म्हणाली. "सांगायचं कुणाला?"

ती पाटावर येऊन बसली, भावाकडं पाठ करून. रेणुकानं डाव्या हातानं फणी पुढं केली. पुढचं दार सताड उघडं होतं आणि या वेळी ते लावायचं भरमूला सुचलंसुद्धा नाही. त्यानं एक एक पीन काढली, गुंता सोडवला, केसांचे तीन पेड केले.

"गच्च घाल रं भरम्या," आक्का म्हणाली. "निपाणीपातूर सुटाय नगं."

भरमूनं आप्पांची गाठ जरा सैलच मारली.

"सुटली तर ये की माघारी," तो म्हणाला.